युरोपात सरकारी माहिती सर्वांसाठी खुली केल्याने नेमका काय फायदा झाला?

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण डेन्मार्कचं. तिथल्या सरकारने २००२ साली देशभरातले अधिकृत पत्ते, नकाशावरच्या नेमक्या जागेसह, मोफत खुले करायचं ठरवलं. वरवर पाहता साधी गोष्ट. पण रुग्णवाहिकेपासून कुरिअरपर्यंत सगळ्यांना एकच खात्रीची यादी मिळाली, आपापली वेगळी यादी सांभाळायची गरज उरली नाही. २०१० मधल्या अभ्यासानुसार २००५ ते २००९ या काळात सुमारे ६.२ कोटी युरोंचा लाभ झाला, खर्च जेमतेम २० लाख युरो. म्हणूनच ‘माहिती विकून तिजोरी भरू’ हा विचार मला तोट्याचा वाटतो.

पुढे युरोपीय संघाने २०१९ मध्ये खुल्या माहितीचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असलेला नियम, काढला. नकाशे, हवामान, पर्यावरण, आकडेवारी, कंपन्यांच्या नोंदी आणि वाहतूक यांतली ठरावीक माहिती जून २०२४ पासून, मोजके अपवाद सोडता, मोफत द्यावी लागते. तीही संगणकाला थेट वाचता येईल अशी. नुसती स्कॅन केलेली पीडीएफ चालत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे.

पृथ्वीचं निरीक्षण करणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांनी गोळा केलेली माहिती तर जगात कुणालाही मोफत मिळते. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराचा अभ्यास करणाऱ्यांनीही ती वापरली आहे.