सुरुवातीचा पीस कापू की ठेवू?

प्रश्न: दादा, मी गाणी लिहितो, चालीपण माझ्याच असतात. मित्र मनीषनगरला घरीच लॅपटॉपवर ट्रॅक बनवते. आता तो म्हणते सुरुवातीचा लांब पीस उडव, स्पीड वाढव अन् डायरेक्ट मुखड्यापासून घे. मंग गाणं माझं राहिलं का?
एक वाचक, नागपूर

उत्तर: राहिलं नं भाऊ! शब्द अन् चाल तुमचीच. फक्त आपली चाल आपण इतक्यांदा गुणगुणलेली असते की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कशी वाटेल ते कळतच नाही, तिथं दुसऱ्याचा कान लागतो. बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडचं 'प्लीज प्लीज मी' त्यातल्या जॉन लेननने संथ बांधलं होतं, प्रोड्यूसर (म्हणजे तुमच्या मित्रासारखं गाणं रेकॉर्डिंगला बसवणारे) जॉर्ज मार्टिन म्हणाले वेग वाढवा, अन् १९६२ मध्ये रेकॉर्ड झालं ते फास्टच. 'कान्ट बाय मी लव्ह' मुखड्यावरून सुरू करायचं हेही मार्टिनचंच डोकं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते 'यस्टरडे', १९६५ चं. बँडमधला पॉल मॅकार्टनी एकटा, गिटार अन् गळा, बाकी तिघं त्यात वाजवतच नाहीत. मार्टिन म्हणाले व्हायोलिन-चेलो घालू तर पॉल आधी तयारच नव्हता, गाणं उगाच गुळमट होईल म्हणून, शेवटी चारच वाद्यांवर ठरलं, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, अन् पॉलचं म्हणणं की सूर जास्त थरथरवायचा नाही. मधला भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा चेलो ब्लूज या अमेरिकन गाण्यांच्या ढंगाचा एक कलता सूर घेतो, तो पॉलने सुचवलेला. हेडफोन लावून ऐकाच! वाद्यं सुचली मार्टिनला, पण ती कशी वाजावीत हे पॉलने सोडलं नाही.

अन् दरवेळी प्रोड्यूसरचंच खरं असंही नाही. मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'ची सुरुवात प्रोड्यूसर क्विन्सी जोन्सला फार लांब वाटत होती, मायकल म्हणाला यानेच तर मला नाचावंसं वाटतं, अन् ती राहिली. आज त्या ड्रम-बेसवरूनच लोक गाणं ओळखतात.

म्हणून दोन्ही व्हर्जन पूर्ण रेकॉर्ड करा, अर्धवट नको, अन् गाणं माहीतच नाही अशा चार जणांना ऐकवा. तुमचा पीस गाण्यात काय काम करतो ते मित्राला सांगता आलं तर त्याच्यासाठी जरूर भांडा, नाही सांगता आलं तर कापू द्या. क्रेडिट मात्र आत्ताच लिहून ठेवा, गीत-संगीत तुमचं, प्रोड्यूसर म्हणून त्याचं नाव, 'यस्टरडे'वर पण लेनन-मॅकार्टनी अन् मार्टिन असंच वेगवेगळं आहे.