सोयाबीनला रायझोबियम लावण्यापूर्वी

यंदा प्रथमच रायझोबियमचे जिवाणूसंवर्धन (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंची पावडर) वापरणार असाल, तर पाकीट विकत घेण्याआधी त्यावरील पिकाचे नाव आणि अंतिम तारीख वाचून घ्यावी, कारण हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनच्या मुळांवर गाठी करीत नाही, आणि दुकानाच्या दारात उन्हात पडून राहिलेल्या पाकिटात जिवंत असे फारसे काही उरलेले नसते.

साधारणपणे १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन लागते. गूळ पाण्यात उकळून ते द्रावण पूर्ण थंड होऊ द्यावे, मगच त्यात पावडर कालवावी. पहिल्या वर्षी घाईने मी ते कोमट असतानाच कालवले होते आणि त्या हंगामात गाठी जेमतेमच आल्या. सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने बियाणे गोणपाटावर पसरून हलक्या हाताने माखावे, रगडू नये. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावून सुकू द्यावे, रायझोबियम सर्वांत शेवटी. त्यानंतर बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे आणि रासायनिक खतात मिसळू नये.

पेरणीनंतर सुमारे ४० दिवसांनी एखादे झाड उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा. उपटल्यास गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात धुऊन गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी दिसली, तर नत्र स्थिरीकरण चालू आहे असे समजावे. हिरवट किंवा करडी असल्यास ती निकामी आहे.