अमेरिकेत कृष्णवर्णीय चित्रपटकर्त्यांसाठी एवढ्या फेलोशिप आणि अनुदानं असतात. त्याने खरंच काही होतं, की नुसता देखावा?

होतं, पण बहुतेक पहिल्या सिनेमापुरतं. खरी गोची त्यानंतर सुरू होते. मी अंधेरीत मालिकांच्या निर्मितीचे हिशेब बघतो, त्यामुळे कोणाच्याही यशाची गोष्ट ऐकली की माझी नजर आधी करारावर जाते.

कृष्णवर्णीय दिग्दर्शक रायन कूगलरचंच बघा. 'फ्रूटव्हेल स्टेशन' (2013) हा त्याचा पहिला सिनेमा. पटकथेवर स्वतंत्र सिनेमांना मदत करणाऱ्या सनडान्स संस्थेच्या लॅबमध्ये (लेखन-कार्यशाळेत) काम झालं, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्म सोसायटीने अनुदान दिलं आणि अभिनेता फॉरेस्ट व्हिटेकरच्या कंपनीने निर्मिती अंगावर घेतली. एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या आत. नुकत्याच फिल्म स्कूलमधून बाहेर पडलेल्या पोराला एवढं पाठबळ मिळणं हा काही देखावा नव्हे.

आता 2025 चा 'सिनर्स'. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडून कूगलरने तीन गोष्टी मान्य करून घेतल्या. अंतिम संकलन त्याच्या मर्जीने. कमाई सुरू झाली की पहिल्या डॉलरपासून वाटा, स्टुडिओचा खर्च वसूल होईपर्यंत थांबायचं नाही. आणि 25 वर्षांनी सिनेमाची मालकी त्याच्याकडे. यातली दुसरी अट किती मोलाची, ते 'नफ्यात भागीदारी'वर सही केलेल्या माणसाला विचारा. प्रसिद्धी, वितरण, व्याज, ऑफिसचा खर्च असं एकेक वजा होत जातं आणि नफा कागदावर उगवतच नाही. हे इथेही चालतं, हॉलिवूडमध्येही. तिसऱ्या अटीवरून तिकडे बराच गहजब झाला. गोऱ्या दिग्दर्शक टॅरँटिनोने सोनी स्टुडिओकडून असाच हक्क मिळवला होता, तेव्हा कोणी एवढं कपाळाला हात लावून बसल्याचं मला तरी आठवत नाही.

मालकीचा हा हट्ट नवा नाही. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखकाच्या कादंबरीवर एका कृष्णवर्णीय कंपनीला सिनेमा करायचा होता. हा म्हणाला, दिग्दर्शन मीच करणार. ते जमेना, तेव्हा त्याने स्वतःची कंपनी काढली, आयोवातल्या शेतकऱ्यांना तिचे शेअर विकले आणि 1919 मध्ये सिनेमा पडद्यावर आणला. पुढे 1928 मध्ये दिवाळखोरीही जाहीर करावी लागली, पण थांबला नाही.

दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे युनिट, सिनेमामागची तंत्रज्ञ मंडळी. दिग्दर्शक एकटा वर गेला तर बाकीचे होते तिथेच राहतात. दिग्दर्शक स्पाइक लीने 'स्कूल डेझ'साठी (1988) वेशभूषेचं काम रूथ कार्टर या तरुणीला दिलं आणि पुढेही तिला सोबत ठेवलं. कूगलरने पहिल्याच सिनेमाला कला दिग्दर्शनासाठी हॅना बीचलरला घेतलं. 2019 च्या ऑस्करमध्ये कूगलरच्याच 'ब्लॅक पँथर'साठी दोघी जिंकल्या. आपापल्या विभागात ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. कोणत्याही फेलोशिपपेक्षा पुढच्या सिनेमासाठी आलेला फोन माणसाला धंद्यात टिकवतो, हे आमच्याकडचा स्पॉटदादाही सांगेल. दिग्दर्शिका एव्हा ड्युव्हर्ने हिच्या 'अरे' (ARRAY) संस्थेने तर स्त्रिया आणि गौरेतर तंत्रज्ञांची यादीच ऑनलाइन खुली केली, म्हणजे 'माणसं मिळत नाहीत' ही सबब संपली.

याच ड्युव्हर्नेमुळे माझ्या पहिल्या वाक्याला अपवाद जोडावा लागतो. 'ओरिजिन' (2023) हा काही तिचा पहिला सिनेमा नव्हे. वंशभेद आणि जातिव्यवस्था यांचं नातं सांगणारा हा सिनेमा, काही चित्रीकरण दिल्लीत, आणि पडद्यावर डॉ. आंबेडकरही येतात. स्टुडिओच्या व्यवस्थेतून बाहेर पडून तिने त्यासाठी फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांचा पैसा उभा केला. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. फाउंडेशनला ते परवडतं. व्याजाने पैसे लावणाऱ्याने तो बनूच दिला नसता.