आध्यात्मिक ताप म्हणजे नेमका कुठला ताप?

प्रश्न इंदूरहून, रामबागेतल्या एका ताईंचा आहे. एका व्याख्यानाच्या फलकावर त्यांनी 'आधुनिक जगाच्या समस्यांची अध्यात्मिक कारणे' असे वाचले. शब्द अध्यात्मिक की आध्यात्मिक, ही त्यांची पहिली शंका. दुसरी अशी की, आध्यात्मिक कारण म्हणजे ग्रहदशा, देवाचा कोप, पितृदोष असले काही समजायचे का? आणि तसे असेल, तर त्रिविध तापांतला, म्हणजे आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक या तीन दुःखांतला, आध्यात्मिक ताप आणि आधिदैविक ताप यांत फरक तो काय?

पहिली शंका लगेच मिटते. नाम अध्यात्म, विशेषण आध्यात्मिक. 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: समाज-सामाजिक, दिन-दैनिक, भूगोल-भौगोलिक, तसेच अध्यात्म-आध्यात्मिक. सोबतच्या दोन शब्दांत मात्र पाय घसरतो. अधिभूत आणि अधिदेव यांच्यात पाणिनीच्या नियमाने दोन्ही पदांची वृद्धी होते, म्हणून आधिभौतिक आणि आधिदैविक. परलोक-पारलौकिक हे त्याच घरातले. 'अधिभौतिक' लिहिणारा पुढचे पद सुधारतो आणि मागचे विसरतो. आध्यात्मिकमध्ये ही दुहेरी वृद्धी दिसत नाही, कारण 'आत्मन्'चा आ मुळातच दीर्घ आहे.

खरी गोम आहे ती शब्दाच्या अर्थामध्ये. अध्यात्म म्हणजे अधि + आत्मन्, 'आत्म्याच्या ठायी' असलेले. या समासातला आत्मा म्हणजे केवळ वेदान्तातले परमतत्त्व नव्हे. संस्कृतात आत्मन् 'स्वतः' या अर्थानेही सर्रास येतो, आणि तापांच्या वर्गवारीत तोच अर्थ चालतो: आपला देह आणि आपले मन. सांख्य दर्शनाचा ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेची पहिलीच कारिका (श्लोक) तीन दुःखांपासून सुरू होते. तिच्यावरच्या टीकांत आध्यात्मिक दुःखाचे दोन भाग केले आहेत. वात-पित्त-कफ बिघडून होते ते शारीर, आणि काम, क्रोध, लोभ, भय, ईर्ष्या, विषाद यांनी होते ते मानस. म्हणजे रक्तातली साखर वाढणे हा जुन्या शास्त्राप्रमाणे चक्क आध्यात्मिक ताप! पोटदुखीही, आणि शेजाऱ्याची नवी गाडी पाहून होणारी जळजळही.

इंदूरकरांना हे समजायला संस्कृतपर्यंत जायची गरज नाही. रामचरितमानसातली ओळ कानांवरून रोज जाते: 'दैहिक दैविक भौतिक तापा, राम राज नहिं काहुहि ब्यापा.' तीन ताप तेच आहेत, फक्त आध्यात्मिकच्या जागी तुलसीदासांनी सरळ 'दैहिक' घातले आहे. मराठी कानाला आध्यात्मिक म्हटले की आश्रम, प्रवचन, ध्यान आठवते. अवधी ओळीत त्या जागी देह उभा आहे.

दुसरा सापळा भूत या शब्दाचा. आधिभौतिकमधले भूत म्हणजे प्राणी, 'भूतदया'मधले भूत. माणूस, गुरे, साप, डास, ढेकूण यांच्यापासून होणारा त्रास तो आधिभौतिक. इथे हिंदी आडवी येते. शाळेत 'भौतिक विज्ञान' वाचलेला मनुष्य आधिभौतिकचा अर्थ जडवस्तूंशी जोडतो. टिळकांच्या 1915च्या गीतारहस्यात आधिभौतिक हा शब्द सृष्टीकडे जड पदार्थ म्हणून पाहणाऱ्या विचारपद्धतीसाठी आला आहे, तोही अर्थ आज रुळला आहे. तो चूक नाही, पण तापाच्या संदर्भात लावला की सगळे बिघडते. आणि गंमत अशी की भूतबाधा आधिभौतिकात बसतच नाही. यक्ष, राक्षस, ग्रह यांची बाधा जाते आधिदैविकात, थंडी, ऊन, पाऊस, वीज यांच्या शेजारी.

ग्रंथागणिक रेषा थोडी सरकते, हेही लक्षात ठेवावे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात सहावा, सातवा आणि आठवा समास या तिघांना वाहिलेले आहेत, आणि तिथे आधिदैविक म्हणजे मेल्यानंतरच्या यमयातना. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेत रोगांचे सात प्रकार या तिघांत वाटले आहेत. आईबापांच्या बीजातून आलेले, गर्भात लागलेले आणि वात-पित्त-कफ हे दोष बिघडून झालेले हे तीन आध्यात्मिक. बलवंताशी झुंजून, शस्त्राने किंवा जनावराने झालेली इजा हा एकच प्रकार आधिभौतिक. ऋतूंमुळे, दैवामुळे आणि स्वभावतः येणारे ते आधिदैविक. या शेवटच्या खणात भूक, तहान, झोप आणि म्हातारपणसुद्धा आहे. म्हणून 'शास्त्रात असे म्हटले आहे' असे मोघम लिहू नये, कुठल्या ग्रंथाचा अर्थ घेतला ते सांगावे.

एखादा आजचा त्रास कुठे घालायचा, तर दुःख आले कुठून एवढे विचारावे. दुखते कुठे ते विचारू नये. डास चावून ताप आला तर दुखते अंग, पण कारण दुसरा जीव, म्हणून आधिभौतिक. फोनवरून कुणी खाते रिकामे केले तर आधिभौतिक. त्यानंतर महिनाभर झोप लागली नाही तर ती पुढची पीडा आध्यात्मिक, मानस. वैशाखातला उन्हाळा आधिदैविक. पण रस्त्याकडेची झाडे माणसाने तोडली म्हणून तो वाढला असेल, तर? इथे तीन खण पुरत नाहीत, आणि फलकावरचे शीर्षक ज्याच्या मागे आहे तो प्रश्नही नेमका हाच.

त्याला जुना शब्द आहे आणि तो आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, विमानस्थान या विभागाच्या तिसऱ्या अध्यायात. शिष्य अग्निवेश विचारतो, माणसांची प्रकृती, आहार, वय सगळे वेगवेगळे असताना एकाच रोगाने एकाच वेळी सारा मुलूख कसा ओस पडतो? त्याचे गुरू आत्रेय सांगतात, चार गोष्टी सगळ्यांना सामाईक आहेत: वायू, उदक, देश (भूमी) आणि काळ (ऋतू). त्या बिघडल्या की जनपदोद्ध्वंस, म्हणजे साऱ्या मुलखाचा नाश. (लिहिताना 'द्ध्व' सांभाळावे, उद् + ध्वंस आहे.) वायूपेक्षा पाणी टाळायला अवघड, पाण्यापेक्षा देश, देशापेक्षा काळ, हा क्रमही दिला आहे. बिघडलेल्या पाण्याची खूण म्हणून वास, रंग, चव यांच्याबरोबर पाणपक्षी निघून गेलेले, असेही सांगितले आहे. इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ थांबून कान्ह नदीकडे पाहिलेल्याला या यादीचे भाषांतर करून द्यावे लागत नाही.

मग वायू-उदकादी बिघडतात का? त्याचे मूळ अधर्म, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धी ढळल्याने हातून घडणारी चूक. त्याच अध्यायात एक साखळी आहे: अति घेण्याने शरीर जड झाले, जडपणातून श्रम, श्रमातून आळस, आळसातून साठवण, साठवणीतून परिग्रह (वस्तू आपल्या म्हणून धरून ठेवणे), परिग्रहातून लोभ, पुढे लोभातून द्रोह आणि द्रोहातून खोटे बोलणे. यात कोपलेला देव किंवा वक्री ग्रह एकही नाही. कारण माणसाच्या आत आहे, म्हणून त्याला आध्यात्मिक म्हणायचे तर या अर्थाने म्हणता येते.

तेव्हा ताईंना फलक दुरुस्त करायचा असेल, तर आधी वक्त्यांना विषय विचारावा. ग्रहमान आणि दैव यांवर बोलणार असतील तर 'आधिदैविक' किंवा साधे 'दैवी कारणे' लिहावे. लोभ, भय, स्पर्धा यांवर बोलणार असतील तर 'आध्यात्मिक कारणे' मुळापासून बरोबर आहे. ध्यानधारणा सुटली, श्रद्धा आटली असा सूर असेल तर आजच्या रूढ अर्थाने तेच विशेषण चालेल, फक्त त्याच वाक्यात 'त्रिविध ताप' आणू नये, कारण मग एकच शब्द दोन अर्थ ओढू लागतो. आणि सगळ्यांत नेमका शब्द हवा असेल तर 'प्रज्ञापराध'. मात्र तो 'बुद्धिमंतांचा गुन्हा' असा वाचला जाण्याचा धोका आहे. अर्थ तसा नाही. धी म्हणजे बरेवाईट कळणे, धृती म्हणजे कळल्यावर स्वतःला आवरणे, स्मृती म्हणजे आवरायचे होते हे आठवणे. या तिन्ही ढळल्यावर हातून जे वाईट घडते तो प्रज्ञापराध. उच्चारही सांभाळावा: इंदुरात हिंदीच्या वाऱ्याने 'प्रग्यापराध' ऐकू येते, मराठीत ज्ञ हा 'द्न्य'च.