टी-शर्टचा रंग ठरला, पण पाण्याचं काय?

प्रश्न : ताई, सलाम. मी सोलापूरचीच. यंदा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक संघाची सेक्रेटरी झाले आणि लगेच मे महिन्यातला कॅम्प माझ्याच गळ्यात पडला. बार्शीकडं एका खेड्यात जुनं मिशन कंपाउंड आहे, तिथं तीन दिवस, 13 ते 19 वयाची 45 मुलंमुली आणि आम्ही मोठी पाच जण. थीम ठरली, पाठांतराची वचनं ठरली, टी-शर्टचा रंग ठरला, पाळकसाहेब संदेश द्यायला हो म्हणाले, साउंडवाला पण बघितलाय. तरी पोटात गोळा येतोय कारण मी जन्मात खेड्यात राहिलेली नाही. काय विसरतीये मी?

उत्तर : अगं, पाणी विसरलीस की. एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात टी-शर्ट आहे, साउंड आहे, पाण्याचा शब्द नाही. तुला एकटीला बोलत नाही हां, मी पण पहिल्या कॅम्पला हेच केलं होतं, बॅनर झकास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हौद कोरडा.

आधी एक कर. तू आणि अजून दोघं तिथं जाऊन एक रात्र राहून या. दिवसा बघून चहा पिऊन परत यायचं नाही, मुक्काम करायचा. दुपारी दोनला त्या हॉलमध्ये बसून बघा, वर पत्रा असेल तर मे महिन्यात तिथं बायबल स्टडी होणार नाही, भट्टी असते ती. रात्री लाईट गेल्यावर किती वेळ जाते, पहाटे संडासला किती लांब जावं लागतं, बोअरला मे मध्ये पाणी असतं का, हे सगळं तिथल्या राखणदाराला विचारा, कमिटीला नको.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. पन्नास माणसं, माणशी रोज 20 लिटर धर, अंघोळ एका बादलीत उरकायची या बोलीवर, म्हणजे रोजचे हजार, तीन दिवसांचे तीन हजार लिटर. बोअरच्या भरवशावर राहू नको, टँकर सांगून ठेव आणि तो ओतायला टाकी किंवा हौद आहे का ते पण बघ, नाहीतर टँकर दारात उभा आणि आपण घागरी शोधतोय. प्यायचं पाणी वेगळं, जारचं, कारण 43-44 डिग्रीत पोरं खेळली की माणशी चार लिटर कुठंच जात नाही. बारा ते चार मैदानात कुणी नाही म्हणजे नाही. ओआरएसची पाकिटं ठेव, संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे मोजूनच, अंदाजानं नको.

आता जे मला खरं सांगायचंय ते. विहीर आणि शेततळं. शहरातली पोरं, सुट्टी, ऊन, आणि कंपाउंडच्या मागं पाणी दिसलं की विषय संपला. आमच्या एका कॅम्पला दुपारच्या झोपेच्या वेळेत चौघं गायब झाले, शोधत गेलो तर शेजारच्या शेततळ्याच्या काठावर शर्ट काढून उभे. अजून दोन मिनिटं उशीर झाला असता तर, असो. शेततळ्याला आत प्लॅस्टिकचा कागद असतो, ओला झाला की त्यावरून पाय सरकतो आणि पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हे शहरातल्या पोरांना माहीतच नसतं, त्यांना तो स्विमिंग पूल वाटतो. म्हणून पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या सगळ्यांना नेऊन लांबून दाखव, का जायचं नाही ते सांग, आणि दुपारी एक मोठा माणूस फक्त त्या वाटेवर बसव, खुर्ची टाकून. दर जेवणाला पंगतीत डोकी मोजायची.

रात्री शक्यतो कुणी जमिनीवर झोपू नये, मण्यार रात्रीच फिरते आणि अंथरुणात येते. खाटा, बाक, टेबलं जे मिळेल ते गोळा कर, मच्छरदाण्या अंथरुणाखाली घट्ट खोच, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतात. काही चावलंच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडं तर नाहीच, सरळ 108 आणि दवाखाना. सापाची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असते ते आधी जाऊन विचारून ये, आणि एक गाडी रात्रभर ड्रायव्हरसकट कंपाउंडात पाहिजे.

वळवाचा पाऊस पण धर. ढग गडगडले की झाडाखालून सगळे पक्क्या इमारतीत, मग साक्षी, म्हणजे पुढं उभं राहून आपला देवाचा अनुभव सांगणं, चालू असोत का फायनल मॅच.

जेवण साधं ठेव. पिठलं, भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, ताक. चिकन शेवटच्या दिवशी, त्याच दिवशी आणून त्याच दिवशी संपवायचं. भाकरी गावातल्या मंडळीच्या बायका थापतील, आणि त्यांना मजुरी द्या बाई. ‘सेवा आहे’ म्हणून चुलीपुढं फुकट राबवायचं आणि आपण आत प्रीतीवर संदेश ऐकायचा, हे मला पटत नाही. शेवटचं प्रीतिभोजन त्यांच्यासोबत बसून करा, वाढायला तुमची पोरं उभी करा.

साउंडवाला कॅन्सल कर. खेड्यात रात्री तो आवाज तीन गावांना ऐकू जातो आणि दुसऱ्या दिवशी लोकांची तोंडं वाकडी. सरपंच आणि पोलीस पाटलांना आधीच भेटून या, शेजारी म्हणून. गावात पेटी, ढोलकी, टाळ असतातच, रेव्हरंड टिळकांची भजनं म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात, एक संध्याकाळ त्यांना द्या, गिटार थोडी गप्प बसू दे. आणि नाटुकलं बसवायचंच असेल तर पंडिता रमाबाईंचं बसवा. त्यांचं मुक्ती मिशन जिथं आहे ते केडगाव आपल्याच पुणे लाईनवर आहे, पोरं शंभर वेळा त्यावरून गेलेली असतात आणि त्या बाईनं मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 साली काम संपवून गेली आणि 1924 ला ते छापून निघालं, हे एकालाही माहीत नसतं.

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची. कॅम्पला मोबाईल बंदी आहे म्हणतात. पाठवू का नको?

उत्तर : मोबाईल नसणं बरंच आहे, पण मग रोज संध्याकाळी घरी एक फोन, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. मुलींच्या खोलीत रात्री कोण बाई झोपणार, तिचं नाव आणि नंबर मागा. कुठल्याही मोठ्यानं, पाळक असला तरी, मुलाला किंवा मुलीला एकटं बंद खोलीत बोलवायचं नाही, प्रार्थनेला सुद्धा, असा नियम आहे का विचारा. विचारल्यावर कुणी चिडलं तर पाठवू नका. मुलीला 1098 हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर पाठ करून द्या. पॅड घरून द्या, तिथं दुकान नसतं.

प्रश्न : माझा दोस्त ख्रिस्ती नाही, त्याला क्रिकेटसाठी यायचंय. चालेल?

उत्तर : त्याच्या आईवडलांना तू स्वतः जाऊन सांग की तिथं सकाळ-संध्याकाळ उपासना असते, नुसतं क्रिकेट नसतं, आणि त्यांची लेखी परवानगी घे. त्यांनी मनापासून हो म्हटलं तरच आण. आणि आणलास तर त्याला पुढं उभं करून साक्ष मागणाऱ्यांपासून सांभाळ, आपल्याकडं उत्साही मंडळी फार.