वाचकांचे प्रश्न : पॉम्पेईच्या नगरचौकात कोणाची कोणती कामे चालत?

प्रश्न : आमच्या सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वराचे मंदिर तळ्यात आहे, महापालिका इंद्रभुवनात आहे, न्यायालय निराळ्या जागी आणि धान्याचा बाजार आणखी निराळ्या जागी आहे. प्राचीन रोमन गावात मात्र ही सर्व कामे एकाच चौकाभोवती चालत, असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि खरे असल्यास त्याचे कारण काय?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : खरे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी इटलीतील पॉम्पेईहून चांगले गाव सापडणार नाही. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हे गाव राखेखाली गाडले गेले आणि १७४८ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. त्यामुळे इतर ठिकाणी पुढच्या पिढ्यांनी ज्यावर घरे बांधली, तो नगरचौक, म्हणजे फोरम, येथे आपल्याला बराचसा मूळच्या मांडणीत दिसतो.

हा चौक गावाच्या मध्यभागी नसून नैर्ऋत्य बाजूस आहे. तो लांबट आकाराचा असून त्याची रुंदी चाळीस मीटरांच्या आतबाहेर आणि लांबी त्याच्या तिपटीहून अधिक आहे. उत्तरेच्या टोकाला उंच जोत्यावर ज्युपिटरचे मंदिर आणि त्याच्या मागे व्हेसुव्हियसचा डोंगर, हे दृश्य चौकात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसासमोर असे. उरलेल्या तिन्ही बाजूंना खांबांची ओसरी होती आणि तिच्या आडोशाने एका इमारतीतून दुसरीत जाता येत असे. दक्षिणेकडे नगरसभेची आणि अधिकाऱ्यांची दालने, आग्नेय कोपऱ्यात मतदानाशी जोडले जाणारे आवार, नैर्ऋत्येला बॅसिलिका नावाचे न्यायदानाचे व व्यवहारांचे भव्य सभागृह, पश्चिमेला अपोलोचे प्राचीन मंदिर आणि ईशान्येला खाद्यपदार्थांची मंडई होती. या मंडईच्या मधोमध बारा आधारशिळांवर उभारलेल्या छताखाली मासे साफ केले जात असावेत, कारण तेथील गटारात माशांचे खवले मोठ्या प्रमाणावर सापडले.

आता कारणाविषयी. हा चौक कोणी एका दिवसात आखलेला नाही. अपोलोचे देवस्थान इ.स.पू. सहाव्या शतकापासूनचे आहे, बॅसिलिका इ.स.पू. दुसऱ्या शतकातील आहे, आणि इ.स.पू. ८० मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने येथे रोमन वसाहत स्थापन केल्यानंतर ज्युपिटरच्या मंदिरात ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा या रोमच्या त्रयीची उपासना सुरू झाली. तरीही प्रत्येक पिढीने आपली नवी इमारत याच जागेभोवती बांधली, याचे मूळ माझ्या मते गावाच्या कारभाराच्या रचनेत आहे. दुओव्हिर म्हणून ओळखले जाणारे दोन मुख्य अधिकारी आणि रस्ते, बाजार व सार्वजनिक इमारती सांभाळणारे दोन एडाइल दरवर्षी मतदानाने निवडले जात. ज्याला पुन्हा मते मागायची आहेत, किंवा आपल्या मुलासाठी ती मागून ठेवायची आहेत, त्याने न्याय कसा दिला, यज्ञ कसा केला, बाजारात लबाडी करणाऱ्यास कसे वागवले, हे लोकांच्या डोळ्यांदेखत घडणे त्याच्याही हिताचे होते आणि लोकांच्याही. गावाच्या भिंतींवर रंगवलेल्या अडीच हजारांहून अधिक निवडणूक-घोषणा आजवर वाचल्या गेल्या आहेत, आणि त्यांत फळविक्रेते, खेचरवाले, सोनार अशा व्यवसायांनी आपापल्या उमेदवाराची शिफारस केलेली दिसते.

मात्र जे सर्वांना दिसते त्यात सर्वांना भाग घेता येतोच असे नाही, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. स्त्रियांना आणि गुलामांना मताचा अधिकार नव्हता. आपल्याच गावातील या चौकात गुलाम माणूस विकणारा असे, विकत घेणारा असे, ओझे वाहणारा असे, पण मत देणारा कधीच नसे.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल निघतात. रोमन गावच्या त्या चौकात कापडवाल्यांना काही स्थान होते का? आणि मापात फसवणूक होऊ नये म्हणून काय व्यवस्था होती?
— एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : स्थान होते, आणि ते आपण समजता त्याहून मोठे होते. चौकाच्या पूर्वेकडील सर्वांत मोठी इमारत यूमाकिया नावाच्या एका स्त्रीने बांधली. ती गावाची सार्वजनिक पुरोहिता होती. दर्शनी भागावरील शिलालेखात तिने आपल्या आणि आपला मुलगा मार्कुस नुमिस्ट्रिउस फ्रोन्टो याच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने ही वास्तू उभारल्याचे लिहून ठेवले आहे. इमारतीच्या मागील भागात तिचा संगमरवरी पुतळा मिळाला. त्याखालील लेखानुसार तो फुल्लोनेस, म्हणजे कापड धुऊन, खळ काढून, त्याला उठाव देणारे कारागीर, यांनी उभारला होता. या इमारतीत लोकर व कापडाचा व्यापार चाले की तिचा उपयोग निराळा होता, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. मला मात्र त्या वादापेक्षा पुतळ्याखालची ती ओळ अधिक मोलाची वाटते. जिला मत देता येत नव्हते, तिने गावच्या मुख्य चौकात सर्वांत मोठी वास्तू उभी केली, आणि मूत्र व मातीच्या हौदांत उभे राहून पायांनी कापड तुडवण्याचे काम ज्या व्यवसायात चाले, त्या व्यवसायाने आपले नाव त्याच वास्तूत दगडावर कोरून घेतले. आपण ज्या शहरात राहता तेथे या दोन्ही गोष्टींचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मापाची व्यवस्था चौकाच्या पश्चिम बाजूस, अपोलोच्या मंदिराच्या भिंतीतील कोनाड्यात होती. तेथे दगडाचे एक मेज असून त्यात निरनिराळ्या आकारांचे नऊ खळगे कोरलेले होते आणि प्रत्येकाच्या तळाला भोक होते. भोक बंद करून खळगा धान्याने भरायचा आणि मग ते उघडून धान्य खाली धरलेल्या पिशवीत सोडायचे, म्हणजे विकणाऱ्याचे माप खरे की खोटे ते त्याच क्षणी कळे. गाव मूळचे ओस्कन भाषा बोलणाऱ्यांचे असल्याने या खळग्यांवर आधी ओस्कन मापांची नावे होती. सम्राट ऑगस्टसच्या काळात नगरसभेच्या ठरावाने दोन दुओव्हिरांनी ती मापे रोमन प्रमाणाशी जुळवून घेतली आणि तसा लेख मेजावर कोरला. मूळ मेज आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. माझे मत विचाराल तर या चौकातील सर्वांत महत्त्वाची वस्तू ज्युपिटरचे मंदिर नसून हे मेज आहे, कारण ज्याच्याकडे वकील नाही, पद नाही, ओळख नाही, अशा माणसालाही येथे स्वतःच्या हाताने खातरजमा करून घेता येत होती.

प्रश्न : एवढ्या गर्दीच्या चौकात बैलगाड्यांची कोंडी होत नसे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : गाड्यांना आत प्रवेशच नव्हता. रस्ते चौकाला मिळतात तेथे पायऱ्या आणि उभे दगड असल्याने चाके पुढे जाऊ शकत नसत, आणि आतील सर्व वावर पायी होई. तो वावर कसा होता हे पॉम्पेईतील जुलिया फेलिक्स नावाच्या स्त्रीच्या मालमत्तेतील भिंतिचित्रांत पाहायला मिळते : कापड दाखवणारा विक्रेता, जोडे विकणारा, भिकारी, छड्या खाणारा शाळकरी मुलगा, आणि पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर लावलेली लांबलचक सूचना वाचत उभे असलेले लोक.

प्रश्न : आपल्या भागाचा पॉम्पेईशी काही संबंध आला होता का?
— एक निवृत्त ग्रंथपाल, बार्शी

उत्तर : आला होता. यूमाकियाच्या इमारतीच्या कडेने चौकातून पूर्वेकडे निघणाऱ्या मोठ्या रस्त्यावरील एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या बार्शीपासून जवळच असलेल्या तेर येथेही मिळालेली आहे. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतील अक्षर असल्याने ती नेमकी कोठे घडवली गेली याबाबत एकमत नाही. परंतु दख्खनशी असलेला व्यापार मात्र लेखी पुराव्याने सिद्ध आहे. इ.स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे नोंदवले आहे. पॉम्पेई गाडले गेले तेही याच शतकात. तेरच्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला संग्रह आहे. तो पाहताना ही नोंद जवळ ठेवावी.