बसचा दांडा धरू की नको?

प्रश्न : मी रोज बसने आणि पुढे ट्रेनने ऑफिसला जाते. शेकडो लोकांनी धरलेला तो दांडा, ती वरची कडी, कशालाच हात लावावासा वाटत नाही, अगदी किळस येते. म्हणून मी कोपर अडकवून नाहीतर पाठ टेकवून उभी राहते, पण मागे ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला आणि पडता पडता वाचले. कधी धरावं लागलंच तर लगेच सॅनिटायझर, असं दिवसभर चालू असतं आणि आता हाताची कातडी सोलवटलीये. घरचे म्हणतात तू अति करतेस. खरंच अति आहे का हे?

उत्तर : ताई, आधी महत्त्वाचं सांगते, दांडा धरायचाच, आणि घट्ट धरायचा. चालत्या बसमध्ये पडून मनगट मोडलं किंवा डोक्याला लागलं तर त्यापुढे दांड्यावरच्या जंतूंचा धोका खूपच लहान आहे, त्यामुळे कोपर अडकवून उभं राहणं आजपासून बंद.

आता जंतूंचं. धडधाकट कातडीतून सर्दी, फ्लू, जुलाबाचे जंतू आत शिरत नाहीत. त्यांना आत जायला डोळे, नाक किंवा तोंड लागतं. म्हणजे दांड्यावरून हातावर आले तोवर तुमचं काही बिघडलेलं नसतं, बिघडतं ते तोच हात नकळत चेहऱ्याला लागतो तेव्हा. आणि तो किती लागतो माहितीये? ऑस्ट्रेलियात मेडिकलच्या विद्यार्थ्यांचे व्हिडिओ बघून मोजलं होतं, २०१५ मध्ये ते छापून आलं, तासाला सरासरी २३ वेळा हात चेहऱ्याला आणि त्यातले जवळपास निम्मे वेळा डोळे-नाक-तोंडाला. ही डॉक्टरकी शिकणारी मुलं हां, म्हणजे माहिती असून भागत नाही, हाताला सवयच लावावी लागते. मी एक उपाय सगळ्यांना सांगते, प्रवासात हात वाटून टाका, एक हात दांड्याचा आणि दुसरा फोनचा, पाकिटाचा, नाक खाजलं तर त्याचा. दांड्याचा हात उतरून साफ होईपर्यंत दुसरीकडे कुठेच जाणार नाही. फोनचं मुद्दाम सांगतेय कारण लोक दांडा सोडून त्याच हाताने फोन काढतात, मग हात चकाचक धुतात आणि न पुसलेला फोन परत गालाला लावतात.

'विषाणू इतके तास जिवंत राहतो' असले आकडे वाचून घाबरायला होतं ते मला कळतं. फ्लूचा विषाणू स्टील आणि प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास टिकू शकतो हे खरं आहे, पण त्याची संख्या सतत घटत असते आणि हातावर तर तो काही मिनिटांतच बराच कमी होतो. कोविडचा विषाणू लॅबमध्ये प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला हे २०२० मध्ये सगळीकडे फिरलं आणि लोक पार्सलं पुसत बसले, पण पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की दूषित वस्तूला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी आहे. (त्याच लॅबच्या प्रयोगात तांब्यावर मात्र ४ तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नव्हता. माझ्या मते गर्दीच्या गाड्यांमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले दांडे जरूर बसवून बघावेत.)

गर्दीत खरी काळजी हवेची घ्या. फ्लू आणि कोविड पसरतात ते मुख्यतः खोकला, शिंका, श्वास यांतून. खिडकी उघडत असेल तर उघडा, शेजारी कुणी सारखं खोकत असेल तर जमल्यास जागा बदला, साथ चालू असेल तर मास्क लावा.

सॅनिटायझर दर स्पर्शाला नको. प्रवास संपला की एकदा, बास. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असावं, बोटांच्या मध्ये आणि अंगठ्याला लागेल असं चोळायचं आणि आपोआप वाळू द्यायचं, रुमालाने पुसलं तर उपयोग जातो. पोचल्यावर नळ असेल तर साधा साबण आणि २० सेकंद, हे सगळ्यात चांगलं, कारण उलटी-जुलाब करणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, तो साबणपाण्यानेच निघून जातो. धुतल्यावर हात नीट कोरडे करा, ओल्या हाताला जंतू जास्त चिकटतात. आणि प्लीज, हाताला क्रीम लावायला सुरू करा, भेगा पडलेली कातडी जंतूंना अडवू शकत नाही. आठ-दहा दिवसांत बरी झाली नाही तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : त्यापेक्षा हातमोजे घातले तर?

उत्तर : थंडी असेल तर घाला की. पण मोज्यांवरही तेच जंतू बसतात आणि मोजे घातलेत म्हणून माणूस निर्धास्त होऊन त्याच हाताने नाक पुसतो. एकदा वापरायचा टिश्यू ठीक आहे, फक्त त्याने पकड सैल व्हायला नको.

प्रश्न : माझा दीड वर्षाचा मुलगा ट्रेनमध्ये समोरचा दांडा चाटतो, नजर चुकली की तोंड लावलंच. फार टेन्शन येतं, काय करू?

उत्तर : या वयात मुलं सगळं तोंडात घालतात, तुमचं काही चुकत नाहीये. चाटलं तर ओल्या स्वच्छ कापडाने तोंड आणि हात पुसा आणि सोडून द्या, बहुतेक वेळा काहीच होत नाही. त्याच्या तोंडाला सॅनिटायझर अजिबात लावू नका आणि बाटली त्याच्या हाताला लागेल अशी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातही ठेवू नका, लहान मुलाच्या पोटात ते गेलं तर दांडा चाटण्यापेक्षा कितीतरी जास्त धोका आहे. लसी वेळेवर द्या, खाण्याआधी हात साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन दिवसांत उलट्या-जुलाब सुरू झाले आणि शू कमी व्हायला लागली, तोंड सुकलं किंवा मूल मलूल पडलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.